मायनर (पदवीचा दुय्यम विषय) कोणता: वनस्पतिशास्त्र की मृदाशास्त्र?

मेजर (मुख्य विषय) रसायनशास्त्र असेल तर माझं मत सरळ मातीला. क्षारता, सेंद्रिय कर्ब काढताना टायट्रेशनचा बसलेला हात कामी येतो. नमुनेही जवळच: शिवडीच्या खाडीकाठचा काळा गाळ बोटांत चोळा, कुजक्या अंड्याचा वास येतो. प्राणवायू नसल्यानं तिथले जिवाणू सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड करतात. म्हणून तर तिवरं श्वसनमुळं वर काढून उभी असतात. पण हा विषय मुंबईत सहजी मिळत नाही. कोकणचं कृषी विद्यापीठ थेट दापोलीला!

वनस्पतिशास्त्र बऱ्याच महाविद्यालयांत आहे. शिवाय राणीची बाग, बोरिवलीचं जंगल, झेवियर्स कॉलेजमधलं १९०६चं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. पाठांतर मात्र भरपूर, लॅटिन नावांनी जीव मेटाकुटीला येतो. मेजर प्राणिशास्त्र असलेल्यांना मात्र वनस्पतिशास्त्रच सोयीचं.