वीतभर, हातभर की तव्यावरची? स्कॅनरच्या अँटेनाचे दहा महिने

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. युनिडेनच्या बेअरकॅट बीसी१२५एटी या हँडहेल्ड स्कॅनरवर (रेल्वे, विमानं यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचं हातातलं यंत्र) गेल्या मार्चपासून मी चार अँटेना वापरल्या. आज रोज पर्समध्ये जाते ती डायमंडची आरएच७७सीए. घरी बाल्कनीत उभी असते ती चुंबकाच्या बुडाची काडी, आणि ती चक्क पोळ्यांच्या तव्यावर. टेलिस्कोपिक, म्हणजे ओढून लांब होणारी, एक होती, ती मोडली. स्कॅनरच्या खोक्यातूनच आलेली वीतभर रबरी अँटेना मी पहिल्याच आठवड्यात ड्रॉवरमध्ये टाकली होती, पण तिला परत बाहेर काढावं लागलं. त्याची गोष्ट पुढे येईल.

मी शिकागोजवळ नेपरविलला राहते. घरापासून चालत बारा मिनिटांवर बीएनएसएफ या रेल्वे कंपनीची तीन रुळांची लाईन आहे. गाड्या पाहणारे लोक तिला 'रेसट्रॅक' म्हणतात. सकाळ-संध्याकाळ मेट्राच्या लोकल, मध्ये मालगाड्या, आणि दिवसातून एकदा प्रत्येक दिशेला कॅलिफोर्निया झेफिर ही लांब पल्ल्याची गाडी. स्कॅनर घेतला तो याच्यासाठी. इथले पोलीस आणि अग्निशमन दल डिजिटलवर गेलेत, ते या साध्या अॅनालॉग यंत्रावर येतच नाहीत. रेल्वे मात्र अजून साध्या एफएमवर, १६० ते १६१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलते. आमच्या लाईनची मुख्य फ्रिक्वेन्सी १६१.१००. त्याशिवाय ११८ ते १३७ मध्ये विमानं, आणि वादळाच्या दिवसांत हवामान खात्याचा रेडिओ. माझी गरज एवढीच. तुमची गरज आठशे मेगाहर्ट्झची डिजिटल यंत्रणा ऐकायची असेल तर हे सगळं तुमच्या कामाचं नाही. तिथे बोटभर अँटेना पुरते आणि लांब अँटेना उलट त्रास देऊ शकते.

आता लांबीचं. हिशोब सोपा आहे: ७५०० ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. ती पाव तरंगलांबी, सरळ काडीला साधारण तेवढी लांबी लागते. १६१ साठी साधारण ४६-४७, विमानांच्या १२५ साठी ६०, ४६० साठी १६. प्रत्यक्षात काडी त्याहून किंचित आखूड लागते. हे गणित मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात धरला आणि म्हणाले, "म्हणजे एक हात." अगदी बरोबर. आपला जुना 'हातभर' म्हणजे रेल्वेच्या पट्ट्याची पाव तरंगलांबी. तेव्हापासून आमच्या घरात अँटेनाचं माप हात आणि वीत यांतच होतं.

खोक्यातून येणारी रबरी अँटेना बहुधा वीतभर किंवा त्याहून आखूडच असते. आत तार स्प्रिंगसारखी गुंडाळून बसवलेली असते, त्यामुळे आखूड असूनही ती सुरात येते, पण गुंडाळलेल्या तारेत सरळ काडीचा जोर नाही. शिवाय २५ पासून ५१२ मेगाहर्ट्झपर्यंत सगळ्या पट्ट्यांना थोडं थोडं खूश ठेवायचं म्हणजे तडजोड आलीच.

बाबांची ओळख करून देते, कारण या चाचण्यांत निम्मा वाटा त्यांचा. ते मध्य रेल्वेत गार्ड होते, मुख्यालय भुसावळ. २०२२ पासून गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण तसं म्हटलं की ते हसतात. मे ते ऑक्टोबर ते माझ्याकडे होते. पहिल्या दोन आठवड्यांत घरात करमेना. मग एका संध्याकाळी त्यांना स्टेशनवर घेऊन गेले आणि स्कॅनर हातात दिला. मालगाडी आली, तसा त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला. धावत्या गाडीतून स्टेशनकडे हिरवी झेंडी दाखवून ऑलराइट, म्हणजे सगळं ठीक असल्याची खूण, द्यायची, पस्तीस वर्षांची सवय. पलीकडून अर्थातच कोणी झेंडी दाखवली नाही. पण गाडी गेल्यावर थोड्या वेळाने स्कॅनरवर एक यांत्रिक आवाज बोलला: माइलपोस्ट अमुक, ट्रॅक तमुक, नो डिफेक्ट्स, टोटल अॅक्सल्स इतके.

"हे कोण बोललं?"

रुळाशेजारी बसवलेला डिफेक्ट डिटेक्टर. गाडी वरून गेली की चाकांच्या बेअरिंगचं तापमान बघतो, काही घसटत येतंय का ते बघतो आणि निकाल, अॅक्सल म्हणजे चाकांच्या जोड्या किती यासकट, रेडिओवर बोलून सांगतो. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हॉट अॅक्सल आम्ही नाकाने ओळखायचो."

त्या दिवसापासून त्यांनी वही घातली. तारीख, वेळ, अँटेना, डिटेक्टर ऐकू आला की नाही, अॅक्सल किती. गार्डची वही ती, एक रकाना रिकामा नाही. आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की अँटेना तपासायला डिटेक्टरसारखं दुसरं साधन नाही. तीच जागा, तीच ताकद, तेच वाक्य. डिस्पॅचर, म्हणजे गाड्यांना रेडिओवरून हुकूम देणारा, कधी मोठ्याने बोलतो, कधी पुटपुटतो, कधी दुसऱ्याच टॉवरवरून येतो. त्यावरून तुलना होत नाही.

गाडी नसेल तेव्हा दुसरी युक्ती, हवामान खात्याचा रेडिओ. १६२.४०० ते १६२.५५० या सात चॅनलवर तो चोवीस तास बोलत असतो आणि रेल्वेच्या पट्ट्याला अगदी चिकटून आहे. आमच्याकडे १६२.५५० वर शिकागोचं केंद्र इतकं ठणठणीत येतं की सुई लावली तरी ऐकू येईल, त्याचा उपयोग नाही. उरलेल्या चॅनलमधलं एखादं दूरचं, खरखरीत येणारं केंद्र धरायचं. स्क्वेल्च (कमजोर आवाज आणि खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडायचा, एकाच जागी उभं राहून अँटेना बदलत जायचं आणि शब्द कळतात का ते ऐकायचं. बीएनसी जोडणी (अँटेना स्कॅनरला अडकवायची) पाव वळशात निघते, त्यामुळे अदलाबदलीला पाच सेकंद लागतात. एक पाऊल बाजूला सरकलात तरी आवाज बदलतो, म्हणून जागा पक्की ठेवा. मी बाल्कनीच्या फरशीवर खडूने पावलं काढली होती.

पहिली खरेदी टेलिस्कोपिक. स्वस्त, बिननावाची, बीएनसीची. पूर्ण ताणली की मीटरच्या आसपास. कानाला विचाराल तर चारही अँटेनांत विमानांसाठी हीच सर्वांत चांगली होती, कारण लांबी हवी तेवढी करता येते. नेलपॉलिशने दोन खुणा केल्या, लाल खूण रेल्वेची, गुलाबी विमानांची. बरेच लोक ती नेहमी पूर्ण ताणतात आणि मग म्हणतात की फरक पडला नाही. १६१ ला ती मीटरभर ताणून फायदा नाही, हातभरच ठेवायची.

पण टेलिस्कोपिक घेऊन जगणं अवघड आहे. कमरेला स्कॅनर लावून बसलात की ती बरगडीत टोचते. स्कॅनर टेबलावर उभा ठेवला की कलंडतो. सगळा भार त्या छोट्या जोडणीवर येतो आणि महिनाभरात तिथे खुळखुळ सुरू होते. माझी ऑगस्टमध्ये गेली. फलाटावर एका बाईंच्या पर्सचा पट्टा तीत अडकला, तिसरा तुकडा वाकला, आणि मी शहाणपणाने तो सरळ करायला गेले. कट्. त्या बाई इतक्या वेळा सॉरी म्हणाल्या की मीच त्यांची समजूत घातली.

मग आरएच७७सीए. ही मुळात हॅम रेडिओवाल्यांसाठी, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांसाठी, १४४ आणि ४३० मेगाहर्ट्झवर बोलायला बनवलेली. ऐकायला मात्र १२० पासून ९०० पर्यंत चालते. लांबी ३८ सेंटिमीटरच्या आसपास, हाताला थोडी कमी. बारीक, लवचीक, छडीसारखी. पर्सच्या कोपऱ्यात वाकून बसते आणि काढली की सरळ होते. रेल्वेवर आधीच्या वीतभर अँटेनाशी तुलना केली तर फरक पहिल्याच मिनिटाला कळला. जे दूरचं हवामान केंद्र नुसतं फुसफुसत होतं, त्याचे शब्द आले. घरात बसून डिटेक्टर कधी ऐकू येत नसे, तो खिडकीपाशी येऊ लागला. बाबांच्या वहीत त्या आठवड्यापुढे तांबड्या शाईने 'सुधारणा' असं लिहिलंय. विमानांवर फायदा आहे, पण टेलिस्कोपिकइतका नाही.

इथे एक ठेच सांगते. पहिली मागवली ती नक्कल निघाली. ऑनलाइन, कुठल्याशा विक्रेत्याकडून, निम्म्या किमतीला. छपाई पुसट, काडी जाड, जोडणी लावल्यावरही डुलत होती, आणि ऐकायला वीतभर अँटेनापेक्षा तसूभर पुढे नाही. पैसे परत मिळाले, तीन आठवडे गेले. ही अँटेना घ्यायची तर हॅम रेडिओचं सामान विकणाऱ्या दुकानातूनच घ्या. तुमच्या स्कॅनरला बीएनसीऐवजी एसएमए, म्हणजे आट्याची छोटी जोडणी, असेल तर तीच अँटेना एसएमएमध्येही वेगळ्या नावाने मिळते, ती बघा. अडॅप्टर लावून लांब काडी चढवू नका, त्या नाजूक जोडणीवर सगळी तरफ येते. आणि एसएमएमध्ये नर-मादी नीट पाहून घ्या. स्वस्त चिनी वॉकीटॉकीच्या अँटेना बहुधा उलट्या असतात.

सगळ्यांत स्वस्त सुधारणा मात्र फुकट झाली. हातातल्या रेडिओची अँटेना म्हणजे अर्धीच अँटेना. उरलेलं अर्धं काम स्कॅनरचं अंग आणि तुमचा हात करतो. म्हणून तर टेबलावर ठेवलेला स्कॅनर हातात घेतला की आवाज सुधारतो. यावर उपाय म्हणजे ४६ सेंटिमीटरची साधी तार, एक टोक सोलून बीएनसीच्या बाहेरच्या धातूच्या कड्याभोवती घट्ट गुंडाळायचं, दुसरं मोकळं खाली लोंबू द्यायचं. हौशी लोक याला टायगर टेल म्हणतात. बाबा माकडाची शेपटी म्हणायचे. दाराच्या बेलची उरलेली तार होती, तीच लावली. वीतभर अँटेनालाही हिने जीव आला. काळजी एकच, सोललेलं टोक मधल्या पिनेला लागता कामा नये.

लोकलच्या डब्यात कुठलीच अँटेना चमत्कार करत नाही. डबा म्हणजे पत्र्याचा डबाच. मेट्राच्या दुमजली डब्यात वरच्या बाकावर, काचेला लागून, अँटेना उभी धरली तर बरं. आडवी धरलीत तर निम्मा आवाज गेलाच समजा, कारण पलीकडची अँटेनाही उभीच असते.

आता तवा. घरासाठी चुंबकाच्या बुडाची अँटेना घेतली, गाडीच्या टपावर लावतात तसली: हातभर काडी, खाली चुंबक, तीनेक मीटर केबल. हिला खाली धातूचा पत्रा लागतो, तोच तिचा दुसरा अर्धा भाग. मी मोठी परात काढली. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. वारा आला आणि अँटेना परातीसकट कुंडीवर. बाबांनी शांतपणे लोखंडी तवा आणून दिला. मोठा पत्रा असता तर आणखी चांगलं, पण तव्यावरही ती अशी बोलते की डिटेक्टर आता स्वयंपाकघरात ऐकू येतो. पोळ्यांसाठी नवा तवा घ्यावा लागला, तो खर्च मी अँटेनाच्या हिशोबात धरलेला नाही.

आणि इथेच ड्रॉवरमधली वीतभर अँटेना परत आली. बाल्कनीतल्या काडीवर काही संध्याकाळी रेल्वेच्या चॅनलवर एक किरकिरा, टरटरणारा आवाज यायचा, बोलणं त्याच्याखाली दबून जायचं. आठवडाभर मी केबलला दोष देत होते. तो होता पेजर. इथे इस्पितळांत अजून पेजर चालतात, त्यांतले काही १५२ आणि १५८ मेगाहर्ट्झच्या आसपास, जोरदार ताकदीवर. अँटेना चांगली झाली की जवळचा दणदणीत आवाजही तितकाच जास्त आत शिरतो, आणि लहान रिसीव्हर त्या ओझ्याखाली गुदमरतो. एफएम स्टेशनांसाठी ८८ ते १०८ अडवणारा फिल्टर मिळतो, तो मी लावलाय. पण पेजर रेल्वेच्या अगदी शेजारी, तो फिल्टर त्याला अडवत नाही. अशा वेळी वीतभर अँटेना लावायची. सगळंच थोडं हळू होतं, पेजर गप्प होतो आणि डिस्पॅचर स्वच्छ बोलतो. शिकागो डाउनटाउनमध्ये, उंच इमारतींवरच्या ट्रान्समीटरच्या पायथ्याशी, मी आता सरळ तीच वापरते. लांब अँटेनावर पैसे घालण्याआधी तुम्ही राहता तिथे असा गोंगाट किती आहे ते ऐकून घ्या. गावाबाहेर राहणाऱ्याचा अनुभव माझ्या उलट असू शकतो.

जानेवारीत आणखी एक गोष्ट कळली. उणे पंधराला अँटेनाचं काही बिघडत नाही, पण साधे दोन पेन्सिल सेल तासाभरात मान टाकतात. रिचार्जेबल निकेल-मेटलचे घ्या आणि स्कॅनर कोटाच्या आत ठेवा, छडी तेवढी कॉलरमधून बाहेर.

बाबांना जाताना स्कॅनर न्यायचा होता. भारतात वायरलेसच्या यंत्रांचे नियम कडक आहेत, विमानतळावर कोण वाद घालणार, म्हणून दिला नाही. वही घेऊन गेले. रविवारी फोन केला की जेवलीस का हे नंतर, आधी विचारतात, "काल रात्रीच्या मालगाडीला किती अॅक्सल?" परवा सांगितलं, ४६८. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.