पार्सलवरचं लेबल: थर्मल, लेझर की इंकजेट?

घरून मसाले, साड्या, पुस्तकं पाठवणारे आणि छोट्या ऑफिसातून टपाल रवाना करणारे, दोघांनाही हा प्रश्न पडतो. आहे त्या प्रिंटरवर ए-४ कागद छापायचा, कात्रीने कापायचा आणि चिकटपट्टीने डकवायचा, हेच चालू ठेवावं की चार इंची थर्मल लेबल प्रिंटर घ्यावा? माझं मत आधीच सांगते. रोज पाच-दहा पार्सलं जात असतील तर थर्मल घ्या. वर्षातून एक-दोनदाच गठ्ठ्याने पत्रं जात असतील तर लेझर पुरेसा आहे. इंकजेटवर छापलेला पत्ता पार्सलवर उघडा लावूच नका. बहुतेक घरगुती इंकजेटची रंगीत शाई पाण्याने फुटते, आणि जुलैत कोकणात जाणारं पार्सल कुठे ना कुठे भिजतंच. शिवाय प्रिंटर महिनाभर पडून राहिला की शाई हेडमध्येच सुकते.

थर्मल प्रिंटरमध्ये शाई, टोनर काहीच नसतं. कागदावरच उष्णतेने काळा होणारा लेप असतो आणि हेडमधले बारीक ठिपके तापून त्यावर अक्षरं उमटवतात. कागद थर्मल आहे का, हे ओळखायचं असेल तर त्यावर नख जोरात घासा. राखाडी-काळी रेघ उठली तर थर्मल. बाजारात बहुतेक मशीन २०३ डीपीआयची, म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपक्यांची असतात. कुरियरच्या बारकोडला एवढं भरपूर झालं.

खरा फरक पडतो तो हातकामात. लेझरवर लेबल काढलं की कापा, पार्सलवर सरळ धरा, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा. बारकोडवर पट्टीची सुरकुती आली किंवा ती चकाकली की स्कॅनर अडखळतो. थर्मलचं १०० × १५० मिमीचं लेबल एक-दोन सेकंदांत बाहेर येतं, सोललं की लावलं. दिवाळीच्या आधी फराळाच्या ऑर्डरी साचलेल्या असतात आणि पिकअपवाला दारात उभा असतो, तेव्हा हा फरक कळतो. खर्चात मात्र फार तफावत नाही. लेबल आणि कागद-टोनर-पट्टी यांचा हिशेब जवळपास सारखाच बसतो. पैसे मोजायचे ते मशीनचे, आणि ते वसूल होतात वाचलेल्या वेळातून.

थर्मलची कमजोरीही तितकीच खरी आहे. ऊन, उष्णता, तेल, सॅनिटायझर यांनी लेप बिघडतो. लोणच्याच्या बरणीतून तेल पाझरलं तर अक्षरं फिकी पडतात. लेबलावर वरून चिकटपट्टी लावायची सवय मोडावी लागते, कारण पट्टीच्या गोंदानेही छपाई उडू शकते. पार्सल आठवड्याभरात पोचतं, तेवढा काळ लेबल आरामात टिकतं. पण इन्व्हॉइसची ऑफिस प्रत थर्मलवर ठेवू नका. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात आणि तोवर थर्मल कागद कोरा पडलेला असू शकतो. बरणीवर किंवा फाइलवर वर्षानुवर्षं राहायला हवं असेल तर रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्यावा. नुसत्या टपालासाठी त्याची गरज नाही.

आता पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, शाळा यांचं बघू. वार्षिक सभेची नोटीस तीनशे सभासदांना जायची असते, तीही एकाच दिवशी. अशा वेळी एक्सेलमधली यादी, वर्डचं मेल मर्ज (यादीतली नावं-पत्ते आपोआप एकेका स्टिकरवर भरणारी सोय) आणि २४ स्टिकरांची ए-४ शीट लेझरमध्ये घातली की काम झालं. एवढ्यासाठी नवं मशीन घेणं मला पटत नाही. एक पथ्य पाळा. अर्धी वापरलेली शीट पुन्हा लेझरमध्ये घालू नका. आतल्या तापलेल्या रोलरला एखादा स्टिकर चिकटला की दुरुस्तीचा खर्च शीटच्या कितीतरी पट.

मराठी पत्त्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. थर्मल प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी बहुधा नसते. लेबल सॉफ्टवेअरने थेट अक्षरं पाठवली तर चौकोन येतात, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. पीडीएफ करून कॉम्प्युटरमधल्या प्रिंटर ड्रायव्हरमार्फत (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत) छापलं की तेच लेबल चित्र म्हणून जातं आणि नीट उमटतं. मात्र २०३ डीपीआयवर बारीक अक्षरांतले अनुस्वार आणि रफार भरून येतात, म्हणून पत्ता १२ पॉइंटच्या खाली नेऊ नका. राज्याबाहेरच्या पार्सलवर पत्ता इंग्रजीतही द्या. आणि पिनकोड सगळ्यांत ठळक. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली, ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ. सारख्या नावांची गावं आणि निरनिराळ्या लिप्या यांतून टपालाची वाट सोपी व्हावी हाच तिचा हेतू होता. आजही गावाचं नाव अस्पष्ट झालं तरी सहा आकडे शाबूत असले की पार्सल योग्य टपाल कार्यालयापर्यंत पोचतं.

घेताना बिलाचा प्रिंटर आणि लेबल प्रिंटर यांत गल्लत होते. ५८ किंवा ८० मिमीचा दुकानातला बिल प्रिंटर स्वस्त दिसतो, पण त्यात चार इंची लेबल जातच नाही. दोन लेबलांमधली फट ओळखणारा सेन्सर आहे ना, तेही विचारा. तो नसेल तर छपाई सरकत जाते. नुसत्या ब्लूटूथवर आणि एकाच कंपनीच्या अ‍ॅपवर चालणारं मशीन मी टाळते, यूएसबी हवंच. हेडचं आयुष्य किलोमीटरमध्ये दिलेलं असतं. ३० किलोमीटर म्हणजे १५० मिमीची दोन लाख लेबलं, तेव्हा घरगुती वापराला त्याची काळजी नको. रोल बदलताना आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने हेड पुसलं की झालं.

पैसे देण्यापूर्वी आपल्याच ऑर्डरची पीडीएफ पेनड्राइव्हवर दुकानात न्या. बऱ्याचदा ती ए-४ वर असते, वर लेबल आणि खाली इन्व्हॉइस. ती कापून चार बाय सहा इंची लेबलावर कशी बसवायची, हे दुकानदाराकडून समोर करून घ्या. आलेला बारकोड मोबाइलने स्कॅन करा, मग त्याच लेबलावर ओलं बोट फिरवून पुन्हा एकदा स्कॅन करून बघा.