८ मीटर, २५ मिमी: आठ महिन्यांनंतर टेपबद्दल

फेब्रुवारी ते सप्टेंबर ही माप घ्यायची टेप, ८ मीटर लांब आणि २५ मिमी रुंद पट्टीची, नागपुरातल्या एका जुन्या फ्लॅटच्या कामावर रोज वापरात होती. स्वयंपाकघर नव्याने, दोन बाथरूमच्या टाइल्स, चार दारं, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि शेवटी मॉड्युलर ट्रॉल्या, एवढा पसारा. सोबत ५ मीटरची, १९ मिमी पट्टीची साधी टेपही होती, म्हणून तुलना जागेवरच होत गेली. कंपनीचं नाव मुद्दाम टाळलं आहे. या जातीची टेप चार-पाच कंपन्या काढतात आणि पारखायची रीत सगळ्यांना एकच.

निकाल आधी सांगून टाकतो. पट्टी, छपाई आणि लॉक उत्तम. पट्टीच्या टोकाचा हुक सातव्या महिन्यात ढिला. रबरी कव्हर मे महिन्यात नापास.

सुरुवात हुकापासून, कारण टेपचा निम्मा खरेखोटेपणा पहिल्या दहा सेंटिमीटरमध्येच असतो. हुक हलतो म्हणून टेप दुकानात परत नेणारे लोक आहेत. तो हलायलाच हवा. हुकाची जाडी साधारण १ मिमी. प्लायच्या कडेला अडकवून मोजलं तर शून्य हुकाच्या आतल्या बाजूला पाहिजे, भिंतीला टेकवून मोजलं तर बाहेरच्या बाजूला. म्हणून हुक पट्टीला जोडणाऱ्या रिव्हेटची भोकं लांबट असतात आणि हुक बरोबर स्वतःच्या जाडीएवढा पुढेमागे सरकतो. कमी सरकला किंवा जास्त सरकला, दोन्ही वाईट.

तपासणी दोन मिनिटांची आहे. ३०० मिमीची स्टीलची पट्टी घ्या, जिचं शून्य अगदी टोकापासून सुरू होतं अशी. ती आणि टेप दोन्ही भिंतीला टेकवा आणि ३०० वर रेघ जुळते का बघा. मग टेपचा हुक स्टील पट्टीच्या टोकाला अडकवा आणि पुन्हा ३०० बघा. नवी असताना दोन्ही वेळा जुळत होतं. ऑगस्टमध्ये टेकवून बरोबर, पण अडकवून जवळपास अर्धा मिमी कमी दाखवायला लागली. म्हणजे ३०० वर खूण करून कापलेला तुकडा अर्धा मिमी लांब निघणार.

हे कशाने होतं? बटण सोडलं की पट्टी फटकन आत येते आणि हुक तोंडावर आपटतो. ८ मीटरच्या टेपची स्प्रिंग जोरकस, पट्टी रुंद आणि जड, त्यामुळे हा मार ५ मीटरच्या टेपपेक्षा जास्त बसतो. भोकं मोठी होतात, रिव्हेट खेळायला लागतात, कधी हुकच वाकतो. शेवटचे वीतभर अंतर पट्टी बोटाने धरून आत सोडली तर आयुष्य वाढतं. साईटवर दहा हातांत फिरणाऱ्या टेपला हे कोण सांगणार, तो भाग वेगळा. वाकलेला हुक पकडीने काटकोनात आणता येतो. रिव्हेट हलक्या हातोडीने बसवताना मात्र हुक जाम होऊ देऊ नका.

हुकावर भरवसा नसेल तेव्हा १०० मिमीच्या रेघेपासून मोजायचं आणि उत्तरातून १०० वजा करायचे. सुतार हेच एक इंच सोडून करतात. १०० मिमीच बरे, कारण वजा करायचं राहिलं तरी चार इंचांची चूक डोळ्यात खुपते, एक इंचाची चूक प्लाय कापेपर्यंत लपून राहते.

अर्ध्या मिमीचं एवढं कौतुक कशाला, असं टाइल्सवाल्याला वाटेल आणि त्याचं चुकत नाही. दोन टाइल्समध्ये ठेवायच्या २ मिमीच्या स्पेसरमध्ये ते जिरून जातं. ट्रॉल्यांमध्ये जिरत नाही. ड्रॉवर ज्यावर सरकतो तो टेलिस्कोपिक चॅनल एका बाजूला १२.७ मिमी जागा घेतो, दोन बाजूंना मिळून २५.४. ड्रॉवरचा बॉक्स २ मिमी रुंद झाला की तो घासतो, अडकतो, आणि बोलणी चॅनलच्या कंपनीला बसतात. टफन्ड काचेचं तर विचारूच नका. ती एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, माप चुकलं तर काच गेली.

आता पट्टीची रुंदी. टेप घेताना मीटर बघितले जातात, पण रोजच्या कामात फरक पाडते ती रुंदी. २५ मिमीची ही पट्टी हवेत धरून सरकवली तर दोन मीटरच्या थोडी पुढेपर्यंत ताठ राहते. १९ मिमीची दीड मीटरच्या आसपास मुरडते. लिंटेलचं माप, पंख्याच्या हुकापासून भिंतीचं अंतर, वरच्या कपाटाची उंची ही सगळी एकट्याने घ्यायची मापं, आणि त्यात हा अर्धा-पाऊण मीटर फार कामाचा. किंमत चुकवावी लागते ती वजनात. ही टेप खिशात मावत नाही, पट्ट्याला लावली तर पँट ओढते. १९ मिमीची दिवसभर खिशात विसरता येते.

लांब माप हवेत घेताना झोळ सांभाळा. ५ मीटरवर मध्ये ५ सेंटिमीटर झोळ पडला तर माप सव्वा मिमीने जास्त येतं. त्याच ५ मीटरवर एक टोक १० सेंटिमीटर वरखाली झालं तर आणखी १ मिमी. दोन्ही चुका नेहमी जास्तीकडेच नेतात, एकमेकींना कापत नाहीत. शक्य तिथे पट्टी जमिनीवर टाकून मोजलेलं बरं.

उन्हाचा मुद्दा नागपूरकरांसाठी. अचूकतेचा वर्ग छापलेला असतो त्या टेपचं माप २० अंश तापमानाला धरलेलं असतं. पोलाद दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.०११५ मिमी वाढतं. मे महिन्यात सावलीत ४५ अंश, म्हणजे ५ मीटरवर जवळपास दीड मिमी. गच्चीवर उन्हात पडलेली पट्टी ६० अंशांपर्यंत तापली तर २.३ मिमी. तापलेली टेप लांब होते, म्हणून माप कमी दाखवते. वर्ग २ च्या टेपला ५ मीटरवर मुळातच १.३ मिमी इकडेतिकडे चालतं, त्यावर ही भर. दीड मीटरच्या खिडकीत हा फरक पाऊण मिमीच्या आत राहतो, सोडून द्या. साडेचार मीटरच्या बाल्कनीला एकसंध ट्रॅक कापायचा असेल तर टेप पंधरा मिनिटं सावलीत ठेवून सकाळीच माप घ्या. दगडी झिरो माईल मिरवणाऱ्या शहराला हे नवं नसावं. भारताच्या महासर्वेक्षणाचा आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन आपली पोलादी साखळी तंबूच्या सावलीत पसरून, शेजारी थर्मामीटर ठेवून मोजत असे. नागपूरकडे येतानाच १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला, कबर तिथेच आहे.

कव्हरच्या रबराला मात्र सावलीही पुरली नाही. गाडीच्या डिकीत राहून राहून ते मेअखेर चिकट झालं, सिमेंटची धूळ त्यावर बसली ती निघेना. मापावर परिणाम शून्य, हात मात्र काळे. साध्या प्लॅस्टिकच्या कव्हरची ५ मीटरवाली या बाबतीत जिंकली.

इंच की मिमी, हा वाद मिटणारा नाही. लकडगंजातून प्लाय आणणारा सुतार इंच-सूत बोलतो, ट्रॉल्यांचा कारखाना मिमीत ऑर्डर घेतो. एक इंच आठ सूत, एक सूत ३.१७५ मिमी. १९ मिमी प्लाय म्हणजे सहा सूत, १६ मिमी सळई पाच सूत, १२ मिमी चार सूत. बोलायला ठीक, कापायला नाही. १२ मिमी आणि चार सूत यांतच ०.७ मिमीचा फरक आहे. या टेपवर वरच्या कडेला इंच आणि खालच्या कडेला मिमी आहे, त्यामुळे मिमीत खूण करताना पेन्सिल नेहमी खालच्या बाजूनेच न्यावी लागते. दोन्ही कडांना मिमी असलेली टेप सगळं काम मिमीत करणाऱ्याला जास्त सोयीची. चिठ्ठीवर ‘५.६’ लिहिण्याची सवय तर बंदच करा. कोणी ५ फूट ६ इंच वाचतो, कोणी ५.६ फूट म्हणजे ५ फूट सात इंचांच्या वर. इंचांत सलग ६६ लिहा, नाहीतर १६७६ मिमी.

काही टेपवर दर १६ इंचांना लाल खूण आणि १९.२ इंचांना काळा चौकट आकार दिसतो. त्या अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या घरांसाठी आहेत; ८ फुटांचे सहा किंवा पाच भाग पाडायला. आपल्या विटांच्या भिंतीला त्यांचा उपयोग नाही, त्यासाठी पैसे जास्त देऊ नका.

आतलं माप, म्हणजे चौकटीच्या आतलं, कोनाड्याचं किंवा मार्चमध्ये कूलर बसवायच्या खिडकीचं. पट्टी कोपऱ्यात वाकवून अंदाजाने वाचली की दोन-तीन मिमी हमखास जातात. टेपचं खोकं समोरच्या भिंतीला टेकवा, तोंडाशी आकडा वाचा आणि खोक्याची लांबी मिळवा. ती बहुधा खोक्यावर छापलेली असते, तरी एकदा स्टील पट्टीवर खात्री करा. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा घ्या आणि सगळ्यांत लहान धरा. दोन्ही कर्णही मोजा. जुन्या चौकटी गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतीलच असं नाही.

पट्टीवर नायलॉनचा थर आहे आणि तो खरंच टिकला. आठ महिन्यांनी पहिल्या मीटरचे आकडे स्पष्ट आहेत, तर साध्या लॅकरवाल्या १९ मिमीचे पहिले वीस सेंटिमीटर पुसट झाले. दोघींचा शत्रू एकच, टाइल कटरचा चिखल. तो पट्टीबरोबर आत गेला की वाळून सॅंडपेपरसारखा घासतो. ओलं फडकं दोन बोटांत धरून पट्टी त्यातून आत घ्या. पावसात भिजली तर पूर्ण बाहेर काढून पुसून, वाळवून मगच आत. तेल घालू नका, धूळ धरतं. खोकं उघडायच्या फंदातही पडू नका, आतली स्प्रिंग उसळून हात कापते.

चुंबकाचा हुक ग्रिलवाल्याला सोयीचा, पण ग्राइंडरचा लोखंडी कीस त्याला चिकटतो आणि शून्य सरकतं. आमच्या टेपला चुंबक नव्हतं, उणीव भासली नाही. खिळ्यात अडकवायची खाच मात्र हुकाला असावीच.

लेझर मीटर खोलीच्या आत झकास, पण दुपारच्या उन्हात ठिपका दिसत नाही आणि कापायच्या तुकड्यावर खूण करायला टेपच लागते. प्लॉटच्या आखणीला ही टेप अपुरी. ३० बाय ५० फुटांच्या प्लॉटचा कर्ण ५८ फूट पावणेचार इंच येतो, त्याला ३० मीटरची टेप हवी, आणि तीही फायबरची नको, ओढली की ताणते.

इतवारीच्या बाजारात टेप घ्यायला जाल तेव्हा स्टील पट्टी सोबत न्या. एकाच जातीच्या दोन टेप काढायला सांगा, पूर्ण ओढून शेजारी ठेवा, शेवटची रेघ जुळते का बघा. वर्गाचा रोमन आकडा पहिल्या काही सेंटिमीटरमध्ये शोधा. लॉक लावून पट्टी ओढा, सरकली तर परत. घरातल्या फर्निचरपुरतं मोजायचं असेल तर ५ मीटर, १९ मिमी पुरे. १५ फुटांची खोली त्यात बसते. कामावर रोज लागणार असेल तर ८ मीटर, २५ मिमी. सुतार, काचवाला आणि ट्रॉल्यांवाला तिघांनाही मापं त्याच एका टेपने घ्यायला लावा. हुक ढिला झाल्यापासून आमची टेप १०० च्या रेघेपासूनच मोजते आहे आणि ड्रॉवर व्यवस्थित सरकत आहेत.