मॉन्ट्रियल की लॉस एंजेलिस? ऑलिम्पिकचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं

अहमदाबादला २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्या आहेत. २०३६च्या ऑलिम्पिकसाठीही भारताने २०२४मध्येच इरादापत्र देऊन ठेवलंय. पैसे सरकारने घालावेत की खासगी कंपन्यांनी, यावर मत बनवायचं असेल तर आधी दोन जुन्या वह्या शेजारी-शेजारी उघडून बघा.

पहिली वही कॅनडातल्या मॉन्ट्रियलची, १९७६. महापौर जाँ द्रापो म्हणाले होते, पुरुषाला मूल होईल तेव्हाच ऑलिम्पिकला तूट येईल. तूट आली. स्टेडियमचा मनोरा स्पर्धा संपेपर्यंत अर्धवटच होता. कर्ज फेडायला मॉन्ट्रियलच्या क्वेबेक प्रांतात तंबाखूवर खास कर बसला आणि शेवटचा हप्ता गेला २००६मध्ये. त्या उन्हाळ्यात जन्मलेलं मूल तोवर तिशीत आलं होतं, आणि सिगारेट ओढत असेल तर स्वतःही हप्ते भरत होतं!

दुसरी वही लॉस एंजेलिसची, १९८४. मॉन्ट्रियलचे हाल बघून कोणी पुढे येईना. तेहरानने माघार घेतल्यावर हे एकच शहर उरलं, म्हणून त्याला अटी घालता आल्या. परत मिळण्याची हमी नसेल तर पालिकेचा पैसा खर्च करायचा नाही, असा कौल मतदारांनी १९७८मध्येच दिला होता. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला ते मान्य करावं लागलं. पीटर युबेरॉथ यांच्या खासगी समितीने १९३२च्या ऑलिम्पिकचंच कोलिझियम वापरलं, खेळाडू विद्यापीठांच्या वसतिगृहांत ठेवले, एबीसी वाहिनीकडून २२.५ कोटी डॉलर घेतले. शेवटी २० कोटी डॉलरहून जास्त शिल्लक उरली.

लगेच 'खासगीच बरं' म्हणू नका. तिथे मैदानं आयती होती आणि समोर दुसरा गिऱ्हाईक नव्हता. यातलं काही तुमच्या शहराकडे आहे का? पुण्यात १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं बालेवाडीचं संकुल २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांना उपयोगी पडलं, तसं काही हाताशी असेल तर खासगी वाट धरता येते. सगळं नव्याने बांधायचं असेल तर पैसा सरकारचाच जाणार. पॅरिसने २०२४मध्ये दोन खिसे केले: आयोजनाचा खर्च जवळजवळ सगळा तिकिटं, प्रायोजक आणि ऑलिम्पिक समितीकडून, तर खेळाडूंच्या घरांच्या क्रीडानगरीसारख्या बांधकामांत सरकारी पैसा. मला हीच वाटणी पटते, कारण पाहुणे गेल्यावर घरं आणि पोहण्याचे तलाव गावालाच राहतात.

पण खरी मेख जामिनात आहे. अंदाजपत्रकात कोणाचे किती, हे नंतर वाचा. खर्च वर गेला तर सही कोणाची, हे आधी शोधा. २०२८ला ऑलिम्पिक पुन्हा लॉस एंजेलिसलाच आहे, आयोजन पुन्हा खासगी समितीकडेच. या वेळी मात्र तोटा झाला तर पहिले २७ कोटी डॉलर शहर भरणार, पुढचे २७ कोटी कॅलिफोर्निया राज्य आणि त्याच्याही वरचे पुन्हा शहरच.