कमी दिवसांच्या बाळाला दूध: बोंडलं की बाटली?

आमची लेक ३३ आठवड्यांची जन्मली, १,६८० ग्रॅमची. अठरा दिवसांनी परळच्या आमच्या खोलीत आली तेव्हा काट्यावर १,८५० होती. अंगावर प्यायची, पण चार-पाच मिनिटांत दमून झोपायची. डॉक्टरांनी सांगितलं, काढलेलं दूध दर दोन तासांनी ३० मिली जाऊ द्या. कशातून, ते आम्ही विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

मी येताना बाटली घेऊन आलो. १९९२ च्या कायद्याने बाटलीच्या जाहिरातीला बंदी आहे, पण दुकानात मागितली की मिळतेच. आणि खरं सांगतो, बाटली सोयीची आहे. एक थेंब सांडत नाही, कुणालाही पाजता येतं, पाहुणे आले तरी अडत नाही. उकळण्याचा व्याप आहे, आमच्याकडे पाणी पहाटे दीड तासच येतं, पण पिंप भरून ठेवलं की तेही निभतं. तेवढ्यावरून मी बाटली सोडली नसती.

सोडली ती उरलेल्या दुधामुळे. लेक १८-२० मिली प्यायची आणि बाटलीचं निपल तोंडात धरूनच झोपायची. राहिलेलं दूध तिच्या लाळेत मिसळलेलं, ते पुढच्या वेळेला ठेवायचं नाही. ही रात्री दोनला उठून, चाळीस मिनिटं बसून दूध काढायची आणि मी त्यातलं दहा-बारा मिली मोरीत ओतायचो. एकदा ती बघत असताना ओतलं. ती काही बोलली नाही; मग मीच दोन दिवस गप्प होतो. ज्या शहरात, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, तिथे आम्ही दूध मोरीत सोडत होतो.

मग बोंडलं आणलं, बाळाला पाजायचं चोचीचं लहान भांडं. त्यात हा प्रश्नच येत नाही. दूध झाकलेल्या वाटीत, बोंडल्यात एका वेळी पाच मिली. बाळ झोपलं तर वाटीतलं तसंच स्वच्छ राहतं, लगेच फ्रिजमध्ये जातं. वाया गेलं तर ते पाच मिली.

सांडतं मात्र नक्की. पहिले तीन-चार दिवस गळ्याखालचं फडकं ओलं व्हायचं आणि माझ्या पोटात गोळा यायचा, कारण तेही दूधच. हात बसायला आठवडा गेला. बाळाला अर्धवट बसतं धरायचं, चोच खालच्या ओठावर टेकवायची, दूध ओठाला लागेल एवढंच भांडं कलतं करायचं. ओतायचं नाही, ती चाटते, गिळते, थांबते, मग आपणही थांबायचं. पेंगत असेल तर पाजायचंच नाही. एकेका वेळेला वीस-पंचवीस मिनिटं जातात, घाई असलेल्या माणसाचं हे काम नव्हे. ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गरोदरपणापासून मोजलेल्या साधारण ३४ आठवड्यांच्या सुमाराला बसू लागतो, त्यामुळे सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करा. वाटी-चमचाही चालतो, मला तो जमला नाही.

(बोंडलं पाहून माझ्या आईला लगेच गुटी आठवली. तिला त्यापासून दूर ठेवणं हे वेगळंच काम होतं.)

वजन? बोंडल्यावर आल्यावरच्या आठवड्यात रोज २५-३० ग्रॅमने वाढलं, त्याआधी रखडलं होतं. पण त्याच आठवड्यात मी रजा टाकून तिला तासन्‌तास उघड्या छातीशी धरून बसत होतो, त्यामुळे श्रेय कुणाला द्यावं हे मी ठामपणे सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनाही अशा बाळांना वाटी, चमचा किंवा चोचीच्या भांड्यानेच पाजायला सांगते, एवढं मात्र मला नंतर कळलं. पुढे महिन्याभरात ती अंगावर नीट पिऊ लागली. बाटलीवर राहिली असती तरी कदाचित प्यायलीच असती.

घरात पाजणारं माणूस एकच असेल आणि तेही झोपेला आलेलं असेल, तर मी बोंडल्याचा आग्रह धरणार नाही. दोघं असाल तर स्टीलचं घ्या, आणि घेताना चोचीच्या कडेवरून बोट फिरवून बघा. आमच्या पहिल्याची कड बोचरी होती, ते परत करावं लागलं.