ग्रित्ती पॅलेस, व्हेनिस: खोली घ्यावी ती कालव्याकडचीच

व्हेनिसमधील ग्रित्ती पॅलेसमध्ये उतरायचे ठरवल्यास खोली ग्रँड कॅनॉलकडे उघडणारीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मागच्या चौकाकडील खोल्याही तितक्याच नीटनेटक्या आहेत. परंतु हंगामात एका रात्रीला हजार युरोंहून अधिक भाडे ज्याच्यासाठी मोजायचे, ते सारे पुढच्या खिडक्यांबाहेर आहे. समोर, किंचित डावीकडे, १६३० च्या प्लेगमधून सुटका व्हावी म्हणून नवस बोलून उभारलेल्या सांता मारिया देल्ला सालुते या चर्चचा पांढरा घुमट दिसतो. त्याहून मला रमवले ते सकाळच्या रहदारीने. या शहरात मोटारगाडीच नसल्यामुळे भाजीपाला, बांधकामाचे सामान, कचरा आणि हॉटेलांच्या चादरींची गाठोडीसुद्धा मालवाहू होड्यांतून जातात, आणि पर्यटकांच्या गोंडोला बाहेर पडण्याआधी कालव्यावर राज्य असते ते त्यांचेच.

पिसानी घराण्याने १४७५ मध्ये बांधलेल्या या गॉथिक वाड्याला पुढे आंद्रेआ ग्रित्ती या दोजेचे, म्हणजे व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचे, नाव मिळाले. २०११ ते २०१३ दरम्यान झालेल्या नूतनीकरणात जुनेपणा पुसला गेला नाही, हे त्या कामाचे खरे यश म्हणावे लागेल: रुबेल्ली या व्हेनिसच्या कापड कंपनीची रेशमी वस्त्रे, मुरानोच्या काचेचे दिवे आणि संगमरवराच्या तुकड्यांची घोटीव जमीन एकमेकांशी इतकी सहज जुळतात की संग्रहालयात वावरल्याचे दडपण येत नाही. अमेरिकन लेखक हेमिंग्वे यांच्या नावाचाही एक सुइट आहे. केवळ नावासाठी जादा पैसे मोजावेत, असे मला वाटले नाही. सेवा तत्पर आहे आणि अदबीचा अतिरेक नाही.

रेल्वे स्थानकावरून येताना खासगी वॉटर टॅक्सीचा थाट टाळता येतो. एक क्रमांकाची वापोरेत्तो, म्हणजे सार्वजनिक बोट, रमतगमत जिल्यो थांब्यावर सोडते आणि तेथून हॉटेल अगदी हाकेच्या अंतरावर असल्याने सामान घेऊन पुलांच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

खोलीभाड्याखेरीज महापालिकेचा मुक्काम कर द्यावा लागतो. तो पहिल्या पाच रात्रींपुरताच असतो. काही ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून घेतले जाणारे प्रवेशशुल्क मात्र शहरात मुक्काम करणाऱ्यांना माफ आहे, तरी त्या सवलतीची नोंदणी ऑनलाइन आधीच करून ठेवावी.