जिप्समच्या पार्टिशनवर 55 इंची टीव्ही, आठ महिन्यांनंतर

आधी राग काढून घेतो. वॉल माउंटच्या खोक्यात करड्या प्लास्टिकच्या गिट्ट्यांची जी पुडी येते, ती जिप्समच्या भिंतीसाठी नाहीच. विटेसाठी आणि काँक्रीटसाठी आहे. स्क्रू शिरला की गिट्टी फुगते आणि भोकाच्या कडा दाबून धरते. इथे कडच साडेबारा मिलिमीटरची, मागे पोकळी. धरणार कशाला? तरी बसवायला येणारा माणूस भिंत वाजवूनही बघत नाही. ड्रिलचा हॅमर चालू ठेवून चार भोकं पाडतो, गिट्ट्या ठोकतो, "सगळीकडे हेच लावतो" म्हणतो आणि सही घेऊन जातो. त्या गिट्ट्या दुसऱ्या दिवशी हाताने उपसल्या. पक्कडसुद्धा लागली नाही.

टीव्ही 17 किलोचा, बाहेर ओढता येणारा आर्म 4 किलोचा. भिंत म्हणजे जुळे सोलापूरकडच्या फ्लॅटमध्ये हॉलचे दोन भाग करायला घालतात ते नेहमीचं पार्टिशन: 50 मि.मी.चे जीआय स्टड, म्हणजे पत्र्याचे उभे खांब, आणि दोन्ही अंगांना एकेरी बोर्ड.

गिट्ट्यांच्या जागी पट्टीवाले टॉगल बोल्ट लावले, एम 6 चे. यांची लोखंडी पट्टी भोकातून आत जाऊन मागच्या पोकळीत आडवी बसते आणि बोर्ड मागून धरते. 13 मि.मी.चं भोक, हॅमर बंद ठेवून. हॅमरने मागचा कागद फाटतो आणि जिप्सम खपलीने सुटतं. लोखंडी पट्टी आडवी करून आत सारायची, प्लास्टिकच्या दोन पट्ट्या ओढून धरायच्या, त्यांच्यावरची कडी भिंतीपर्यंत सरकवायची, उरलेल्या पट्ट्या मोडून टाकायच्या. मग बोल्ट. स्प्रिंगच्या पंखांचा टॉगल स्वस्त पडतो, पण त्याला भोक साधारण 16 मि.मी.चं लागतं आणि बोल्ट पूर्ण काढला की पंख भिंतीत पडतात, ते कायमचेच. पट्टीवाल्यात बोल्ट काढा-घाला, लोखंड जागेवर राहतं. पहिल्या तीन महिन्यांत कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

ते पाच आता परत घेतो. टॉगलचे नव्हे, माझ्या हिशोबाचे.

एप्रिलमध्ये माउंटच्या भिंतीवरच्या प्लेटच्या वरच्या कडेमागे व्हिजिटिंग कार्ड सहज सरकायला लागलं. टॉगल ठणठणीत होते. बोल्टभोवतीचं जिप्सम चुरून प्लेट वरून पुढे झुकली होती. आर्म 40 सें.मी. बाहेर काढला की टीव्हीचं वजन तेवढ्या अंतरावर लटकतं. प्लेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये अंतर 20 सें.मी. म्हणजे वरच्या जोडीवर ओढ 17 गुणिले 40 भागिले 20, 34 किलो. त्यात आर्मच्या स्वतःच्या वजनाचे आणखी चार. एकूण 38. हाच टीव्ही भिंतीलगतच्या सपाट माउंटवर असता, भारकेंद्र भिंतीपासून 6 सें.मी. धरून, ओढ पाच किलोच्या आसपास. टॉगलच्या पाकिटावरचा मोठा आकडा पाहून हुरळू नका. तो बहुधा तुटेपर्यंतचा भार असतो, वापरायचा त्याचा चौथा हिस्सा.

जिप्सम बोर्ड म्हणजे आपली कडक भाकरी. सपाट धरली तर वर्षभर टिकेल, एका बिंदूवर दाबली की कडाक. आणि आमटीत पडली की मऊ. इथे आमटीचं काम कूलर करतो. मार्चपासून जूनपर्यंत सोलापुरात कूलर बंद होत नाही, आणि त्याचा ओला झोत त्याच भिंतीवर येत असेल तर बोर्ड ओल धरतो, पकड ढिली होते. कूलरचं तोंड फिरवणं फुकट आहे, ते सगळ्यात आधी करा.

दुसऱ्या फेरीत वजन बोर्डावरून काढून स्टडवर नेलं. स्टड शोधायला उपकरण विकत घेऊ नका, फ्रिजवरचं चुंबक पुरतं; पुट्टीखालच्या स्क्रूच्या डोक्यांवर ते चिकटतं, आणि डोकी एका उभ्या रेषेत मिळाली की तो स्टड. आमच्याकडे स्टडची मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरं 610 मि.मी. निघाली. प्लेटची भोकं 400 वर, म्हणजे प्लेट दोन्ही स्टडवर कधीच येत नाही. म्हणून मध्ये 18 मि.मी. प्लायवुड: 75 सें.मी. लांब, 30 सें.मी. उंच. सुताराकडे तुकड्यांच्या ढिगात मिळतं, अख्खी शीट घ्यायची गरज नाही.

प्लाय स्टडला सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूने मारू नका. स्टडचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटरचा, त्यात आटे धरायला काही नसतं. प्लाय, बोर्ड आणि स्टडचा पत्रा यांतून सरळ 13 मि.मी.चं भोक आरपार, पत्र्याच्या रुंदीच्या अगदी मध्यावर. कडेला गेलं तर बिट स्टडच्या उभ्या पाखावर घसरतं. टॉगल आत गेला की पट्टी उभी फिरवायची. प्रत्येक स्टडवर तीन, एकूण सहा. बोल्टची लांबी मोजून घ्या: प्लाय 18, बोर्ड साडेबारा, मागे पत्रा आणि टॉगलची पट्टी, 65 मि.मी. पुरतो. बोर्ड दुहेरी असेल तर 75 च्या पुढचा. मग माउंटची प्लेट प्लायला, पण प्लायमागून टी-नट (लाकडात रुतणारे दातेरी नट) ठोकून, नुसत्या लाकडी स्क्रूवर नाही. टी-नट आधी ठोकायचे हे लक्षात ठेवा, प्लाय भिंतीला लागल्यावर मागे हात जात नाही. आवळताना बोर्डाचा कागद आत दबायला लागला की थांबा.

भोकं पाडण्याआधी एमसीबी बंद. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नका, वायरचा पाइप, म्हणजे कंड्यूट, तिथूनच जातो. पूर्व भागात ज्यांच्या शेजारी यंत्रमाग चालतात त्यांनी बोल्टच्या डोक्याखाली स्प्रिंग वॉशर घालाच. थरथरीने नट कसे सुटतात हे त्यांना मी सांगायला नको.

टीव्ही चढवण्याआधी आर्म पूर्ण बाहेर काढून टोकाला 20 लिटरचा भरलेला पाण्याचा जार रात्रभर लटकवला, खाली गादी घालून. सकाळी कार्ड सरकलं नाही. जूनपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तेच कार्ड घालून बघतो, अजून सरकत नाही.

पार्टिशन अजून उभं राहायचं असेल तर हे सगळं वाचायची गरज नाही. बोर्ड लावायच्या आधी त्याच जागी स्टडच्या मध्ये प्लाय बसवून घ्या आणि त्याचा फोटो मोजायची टेप लावून काढा. प्लाय दिसत नाही हाच त्याचा फायदा. माझा भिंतीवर 18 मि.मी. पुढे आला आहे आणि त्याच्या कडेला रंग मारायचा अजून राहिलाय.

माउंटला चार, टॉगलला पाच. गिट्ट्यांची ती पुडी जपून ठेवली आहे, बाथरूमच्या विटेच्या भिंतीत टॉवेलचा दांडा लावायला.